मग काय?

नोकरीतला माझा पहिला रजेचा अर्ज इंग्रजीत होता. ‘ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर.’ पूर्णविराम. दोन दिवसांची रजा खालच्या ओळीत, वेगळ्या वाक्यात. साहेबांनी त्या पूर्णविरामाला लाल गोल केला आणि शेजारी लिहिलं, ‘मग काय?’

अंगात ताप, त्यात हे. चिडलोच. आम्ही एबीसीडी पाचवीत गिरवलेली माणसं. मराठीत ‘बाहेर पाऊस, घरात अंधार’ एवढ्यावर भागतं, क्रियापदावाचून कुणाचं अडत नाही. ‘गेलो’ म्हटलं की कोण गेलं तेही त्यातच आलं. इंग्रजीत नुसतं ‘वेंट’ म्हणा, मी, तू, ती, ते सगळेच संशयित. म्हणून तिथे कर्ता हवाच. साधा पाऊस पडला तरी गणपूर्तीसाठी एक ‘इट’ आणून बसवतात. पण खरं सांगायचं तर ‘ताप आल्यामुळे.’ असं लिहून मी मराठीतही थांबलो नसतो. साहेबांचं बरोबर होतं.

परवा भाचीच्या बायोडेटात छंद वाचले: ‘रीडिंग, टू स्विम अँड कुकिंग’.

“हेच मराठीत म्हण बघू. वाचन, पोहायला आणि स्वयंपाक.”

“ई, मामा! कसंतरीच वाटतंय.”

वाटणारच. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ ऐकत वाढलेले कान आपले. त्यातला दुसरा तुकडा ‘आणि दुसऱ्याच्या मुलाला कार्टं म्हणायचं’ असा केला तर म्हणीतला जीवच जाईल. तिने मुकाट्याने ‘स्विमिंग’ केलं.

मला चेव आला. नमुना म्हणून अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांचं भाषण काढलं, गेटिसबर्ग, 19 नोव्हेंबर 1863. ‘ऑफ द पीपल, बाय द पीपल, फॉर द पीपल’. ‘पीपल’ तिन्ही वेळा जागचं हलत नाही, बदलतो तो त्याच्या आधीचा चिमुकला शब्द. आपल्याकडे तेच काम शेपटाला होतं: लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी. नागरिकशास्त्रात लोकशाहीची व्याख्या म्हणून घोकलेलं.

“पण मामा, यात क्रियापद कुठाय?”

भाषण उघडलं. शेवटचं वाक्य तब्बल 82 शब्दांचं, आणि माझी व्याख्या म्हणजे त्याच्या शेपटाकडचा नुसता कर्ता. क्रियापद त्याच्याही पुढे: असं राज्य पृथ्वीवरून नाहीसं होणार नाही. ते मी कधी घोकलंच नव्हतं. इतकी वर्षं ‘फॉर द पीपल’पाशी खुशाल पूर्णविराम देत आलो होतो, आणि लाल पेन घेऊन बसलेले साहेब तर कधीच निवृत्त झाले.