सांडपाण्याच्या पाइपातले हवामापक यंत्र

नेदरलँड्समधल्या आमच्या गल्लीत एका घराच्या मागच्या भिंतीवर सांडपाण्याच्या राखाडी पाइपाचे दोन एल्बो एकमेकांत बसवून, दोन्ही तोंडे जमिनीकडे करून टांगलेले आहेत. घराचे मालक निवृत्त शिक्षक आहेत. हे हवेतील धूलिकण मोजण्याचे यंत्र असून आपण ते स्वतः जोडले आहे, असे त्यांनी मला सांगितले. हाताने यंत्रे करणारी माणसे आपण लहानपणापासून पाहिलेली असल्यामुळे त्याचे मला फार अप्रूप वाटले नाही. मात्र या यंत्राचे आकडे देशाच्या सार्वजनिक आरोग्य व पर्यावरण संस्थेच्या, म्हणजे आर.आय.व्ही.एम.च्या, नकाशावर दिसतात हे त्यांनी सांगितले, तेव्हा मी थक्क झाले.

या यंत्राचा आराखडा जर्मनीतला आहे. स्टुटगार्टमधील स्वयंसेवकांनी २०१५ साली तो तयार केला आणि सर्वांसाठी खुला ठेवला. आत एसडीएस०११ नावाचा स्वस्त सेन्सर असतो. त्यातील छोटा पंखा हवा ओढून घेतो, त्या हवेवर लेझरचा झोत पडतो आणि कणांवरून विखुरलेल्या प्रकाशावरून त्यांचे प्रमाण काढले जाते. शेजारी आकडे इंटरनेटवर पाठवणारा, वायफाय असलेला नोडएमसीयू नावाचा छोटा सर्किट बोर्ड असतो आणि साऱ्याला वीज मिळते ती मोबाइलच्या चार्जरवरून. ७५ मिलीमीटरचे दोन एल्बो पावसापासून संरक्षण करतात, तर तोंडांवरची जाळी कोळ्यांना आत येऊ देत नाही. दर अडीच मिनिटांनी एक नोंद आपोआप पाठवली जाते.

या सेन्सरचा मोठा दोष म्हणजे दमट हवा. आर्द्रता वाढली की कण पाणी शोषून फुगतात, धुक्याचे थेंबही कण म्हणून मोजले जातात आणि आकडा फुगतो. हॉलंडच्या हिवाळ्यात असे वारंवार घडते. एखाद्या सरकारी संस्थेने यावर ‘हौशी लोकांची मोजमापे विश्वासार्ह नाहीत’ असा शेरा मारून विषय संपवला असता, तरी त्यात तांत्रिकदृष्ट्या काही चूक नव्हते. आर.आय.व्ही.एम.ने मात्र ‘सामेन मेतन’, म्हणजे ‘एकत्र मोजू या’, या उपक्रमातून नागरिकांचे आकडे स्वीकारले, अधिकृत केंद्रांच्या मोजमापांशी ताडून ते दुरुस्त करण्याची पद्धत बसवली आणि मूळ व दुरुस्त असे दोन्ही आकडे लोकांसमोर ठेवले. अधिकृत केंद्र महाग असल्याने प्रत्येक गल्लीत उभे राहू शकत नाही, पण हे पाइप मात्र गल्लोगल्ली टांगता येतात. संध्याकाळी कोणाच्या घरी लाकडाची शेगडी पेटते आणि नववर्षाच्या रात्री फटाक्यांनी आलेखाची रेषा किती वर उसळते, हे त्यामुळेच कळते. घरगुती यंत्राचा दोष मान्य करूनही त्याला बाजूला न सारणारी ही वृत्ती मला इथल्या सुबक रस्त्यांपेक्षा आणि वेळेवर येणाऱ्या गाड्यांपेक्षा कितीतरी मोठी वाटते.

तरीही कल्पकता इथली आणि आपण नुसते प्रेक्षक, असा अर्थ कोणी काढू नये. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला आणि तिथे मुले हाताने काम करत विज्ञान शिकू लागली. अमेरिकेतील एम.आय.टी.ने फॅब लॅबची, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी कोणालाही वस्तू बनवता येतील अशा कार्यशाळेची, कल्पना मांडली, तेव्हा त्या संस्थेबाहेरच्या सुरुवातीच्या लॅबपैकी एक २०००च्या दशकाच्या आरंभी याच पाबळमध्ये उभी राहिली. अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन मुलांना भूमितीचे आकार हातात दिले. आपल्याकडे हातांची आणि डोक्यांची कमतरता कधीच नव्हती. पण आपल्या मुलाने केलेले यंत्र विज्ञान प्रदर्शनात बक्षीस मिळवते आणि कपाटावर जाते. त्याने मोजलेला आकडा पुढे कोणाच्या कामी येत नाही.

मी पुण्यात असताना असे काही केले नाही, हे खरे आहे. त्या वर्षांत नोकरी आणि रोजचा प्रवास यांतून उरलेला वेळ घरालाच पुरत नसे. इथे संध्याकाळी सहानंतर कार्यालयातून कोणी फोन करत नाही, आणि छंदाला लागते ती मोकळीक यातूनच मिळते. देश सोडल्याचे समर्थन म्हणून हे मी लिहीत नाही, पण निवांत वेळ ही यंत्रनिर्मितीची पहिली सामग्री आहे असे माझे ठाम मत झाले आहे.

शेजाऱ्यांच्या मदतीने मी आता माझे यंत्र जोडते आहे आणि पुण्यातील भाच्यासाठी जोडणीच्या सूचना मराठीत लिहिते आहे. त्यात एक गोष्ट मी ठळक लिहिली आहे. या सेन्सरच्या लेझरचे आयुष्य सुमारे ८,००० तासांचे असते, म्हणजे अखंड चालू ठेवल्यास वर्षभरही पुरत नाही. म्हणून पंखा आणि लेझर दर नोंदीपुरतेच काही सेकंद सुरू करणारी मूळ मांडणी त्याने बदलू नये.