आमची वाटचाल: तीन पापुद्रे आणि चौदा महिने

सुरुवात दोघांनी केली, मी आणि पार्टनर. त्याच्याकडे ओळखी होत्या, माझ्याकडे हेलिकॉप्टर दुरुस्तीचं लायसन्स. पहिल्या पैशातून टेबलखुर्ची नाही घेतली, चांगला टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानेच नट आवळणारा पाना) घेतला आणि एक दहापट भिंग. रेंच अजून तोच आहे. काम झालं की सेटिंग पार खाली आणून पेटीत ठेवायचा, कारण स्प्रिंग ताणलेली राहिली की रेंच खोटं बोलायला लागतो. हे प्रत्येक नवीन पोराला पहिल्या दिवशी सांगतो आणि प्रत्येक पोरगा विसरतो.

आमचं काम एकच, हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सचं ऑइल आणि त्याच्याशी जोडलेलं सगळं. ऑइल बदलण्यात काय मोठं, असं विचारणारे भेटतात. इंजिन बंद पडलं तर ऑटोरोटेशन करून, म्हणजे खाली येताना वाऱ्यानेच रोटर (वरचा पंखा) फिरत ठेवून, उतरता येतं, पण मेन गिअरबॉक्स जाम झाला तर रोटरच थांबतो, मग कितीही भारी पायलट असू दे.

मधली काही वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग ते प्रकरण झालं. आमचं निम्मं काम ज्यांच्याकडून यायचं त्या कस्टमरचं मशीन, म्हणजे हेलिकॉप्टर, चिप लाइट लागला म्हणून आमच्याकडे आलं. गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये चुंबकाचा प्लग असतो, चिप डिटेक्टर, त्याला धातूचा कण चिकटला की पायलटसमोर हा दिवा लागतो. मी प्लग काढला. टोकावर काळी मऊ पेस्ट असती तर पुसून, नोंद करून पुढे गेलो असतो, गिअर घासून तेवढी धूळ येतेच. इथे तीन पापुद्रे होते, चपटे, चकचकीत. भिंगाखाली धरले आणि पोटात गोळा आला, असा पापुद्रा बेअरिंग सोलायला लागलं की निघतो. फिल्टर उघडून पांढऱ्या कापडावर धुतला तर त्यात अजून दोन. मी लॉगबुकात लिहून टाकलं, मशीन ग्राउंड, उडवायचं नाही.

पार्टनर म्हणाला, "अरे, पापुद्र्यांची साइज लिमिटमध्ये बसतेय. ऑइल फ्लश करू, जमिनीवरच चालवून ग्राउंड रन देऊ, परत प्लग बघू आणि सोडून देऊ." साइज बसत होती, मी नाही म्हणतच नाही. पण मटेरियल कुठलं ते कळेपर्यंत उडवू नका, हेही मॅन्युअलच्या त्याच पानावर खाली लिहिलं होतं, आणि तिथपर्यंत वाचायला कोणाला वेळ नव्हता. महिनाभरात पार्टनर बाहेर पडला, शेजारच्या हँगरमध्ये दुकान थाटलं, आणि त्याची पहिली सही कुठल्या मशीनवर झाली ते सांगायची गरज नाही. मी मात्र 'घाबरट'. चौदा महिने काम जवळपास शून्य, पाच माणसांवरून दोनवर आलो.

घाबरट म्हणणाऱ्यांनी २००९ साल आठवावं. १ एप्रिलला स्कॉटलंडजवळ समुद्रात सुपर प्यूमा हेलिकॉप्टर पडलं, १६ माणसं गेली. गिअरबॉक्समधला प्लॅनेट गिअर तुटला होता, आणि आठवडाभर आधी, २५ मार्चला, चिप डिटेक्टरवर एक कण सापडलेला होता. बोलण्यात गोंधळ झाला, तो भाग उघडून बघायला पाहिजे होता तो बघितला गेला नाही. त्याच्याच आधी १२ मार्चला कॅनडात न्यूफाउंडलंडजवळ एस-९२ हेलिकॉप्टर गेलं, १८ पैकी एकच वाचला, आणि कारण काय तर ऑइल फिल्टरचा बाउल धरणारे टायटॅनियमचे स्टड (बोल्टसारखे दांडे) तुटून सगळं ऑइल बाहेर. फिल्टरचा बाउल! जे काम आपण पोराला "जा, करून ये" म्हणून सांगतो ते. नंतर तिथे स्टीलचे स्टड आले.

आणि चिप लाइट लागला नाही म्हणून निवांत बसू नका. २०१६ मध्ये नॉर्वेत इसी-२२५ हेलिकॉप्टरचा रोटर हवेतच सुटला, १३ जण गेले, क्रॅक आतल्या आत वाढला आणि प्लगने काही सांगितलं नाही.

त्या चौदा महिन्यांत एकच कस्टमर टिकून राहिला, आमचे कॅप्टन. त्यांचं एकच मशीन, तेही जुनं. दर वेळी स्वतः येऊन शेपटीला धक्का देतात आणि साइट ग्लासमध्ये, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणाऱ्या काचेत, ऑइल हलतंय का बघतात, कारण जुन्या काचेवर डागाची रेघ पडते आणि रिकामी काच भरलेली दिसते. मी त्यांना विचारलं, तुम्ही का नाही गेलात तिकडे? म्हणाले, "तुम्ही नाही म्हणता म्हणून." एवढंच. बिलावर मात्र दर वेळी घासाघीस करतात, ते सोडा.

त्या गिअरबॉक्सचं पुढे काय झालं? ओव्हरहॉलला गेला, एवढंच कळलं. आत काय निघालं ते मला आजपर्यंत कोणी सांगितलं नाही, मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारणार नाही.

आता कोणी विचारलं नसलं तरी सांगतो. ओ-रिंग (ऑइल गळू न देणारी रबरी रिंग) उघडली की नवीनच, जुनी कितीही चांगली दिसू दे. ऑइलचा डबा टोचून उघडायच्या आधी झाकण पुसा, आणि टोचताना निघालेली पत्र्याची कीस आत पडू देऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी तीच चिप म्हणून सापडते. उरलेला उघडा डबा परत वापरू नका, दोन कंपन्यांचं ऑइल "एकच तर आहे" म्हणून मिसळू नका. फिल्टरच्या बायपासचं (ऑइल फिल्टर टाळून जातंय हे दाखवणारं) लाल बटण बाहेर आलं असेल तर दाबून आत ढकलायच्या आधी का आलं ते बघा, गार ऑइलने येतं तसं चोंदलेल्या फिल्टरनेही येतं. मशीनखाली जायच्या आधी बॅटरी बंद, रोटर बांधलेला, आणि गरम ऑइलवर उघड्या हाताने मर्दानगी दाखवू नका. आणि ज्याने काम केलं त्यानेच तपासायचं नाही, दुसऱ्याची सही पाहिजे, आमच्याकडे माझ्या कामावर पोरगा सही करतो आणि दोनदा त्याने माझी लॉकवायर, म्हणजे नट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार, उलटी बांधलेली पकडली आहे.

आता परत पाच जण आहोत. रेंच सध्या कॅलिब्रेशनला, म्हणजे माप बरोबर दाखवतो का ते तपासायला, गेलाय, तो येईपर्यंत फिल्टरची कामं बंद आहेत, फोन करून घाई करू नये.