फिग मागितले, केळी आली

निघायच्या आधी मी एक अख्खी बॅग किराण्याने भरली होती. दोन किलो तूरडाळ, पोहे, कणीक, गोडा मसाला, मालवणी मसाला, चहा पावडर आणि मीठ. नवरा म्हणाला, "मीठ? अगं, बेटावर चाललोय, चारी बाजूंनी तेच आहे!" मी ऐकलं नाही. सोबत सासूबाई होत्या, आणि नवीन गावात पहिल्याच संध्याकाळी दुकान शोधत फिरायची माझी तयारी नव्हती.

गेल्या जुलैत आम्ही दहा दिवस टोबॅगोला होतो, म्हणजे कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद-टोबॅगो या देशाच्या धाकट्या बेटावर. आमच्यासारखं कॅनडातल्या मिसिसागाहून जाणाऱ्यांना सोपं आहे: टोरोंटोहून त्रिनिदादमधलं पोर्ट ऑफ स्पेन आणि तिथून वीस-पंचवीस मिनिटांचं छोटं विमान. राहिलो ते कास्टारा या कोळ्यांच्या गावात. घरात दोन शेगड्यांचा गॅस, फ्रिज, एक पातेलं, दोन तवे आणि वाइनचे आठ ग्लास होते. चहाचं गाळणं नाही, लाटणं नाही, कुकरचं तर नावच नको. गाळण्याचं काम मुलाच्या सुती रुमालाने केलं, लाटण्याचं बिअरच्या बाटलीने. साखर पहिल्या रात्रीपासून फ्रिजमध्ये, नाहीतर सकाळी डब्यात साखर कमी आणि मुंग्या जास्त.

विमानतळावरून येताना वाटेत सुपरमार्केटमध्ये थांबलो होतो. तिथे माझा हिशेब चुकला. एक कॅनेडियन डॉलर म्हणजे साधारण पाच टीटी (त्रिनिदाद-टोबॅगोचे) डॉलर, म्हणून मी आकडे न बघता गाडी भरत गेले. दही, चीज, सीरियल, सफरचंदं. बिल बघून गप्प झाले. टोबॅगोतला दुकानातला बहुतेक माल त्रिनिदादहून जहाजाने येतो आणि त्यातलाही बराचसा आधी परदेशातून त्रिनिदादला आलेला असतो. दुधाचं कपाट अर्धं रिकामं होतं. मुलाने काउंटरवर विचारलं तर उत्तर आलं, "बोट नाही आली." चिडचिड नाही, माफी नाही. आपल्याकडे "आज एसटी नाही आली" म्हणतात, तोच सूर.

गावात छोटी दुकानं आहेत, त्यांना तिथे पार्लर म्हणतात. सासूबाईंना मी सांगितलं, "समोरच्या पार्लरमधून ब्रेड आणते," तर त्या माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या. तिथे क्रिक्सची बिस्किटं, अंडी, कांदे आणि पिवळ्या वाटाण्याची डाळ मिळायची. तिथे 'डाल' म्हणजे हीच. कुकर नसताना ती शिजायला तास लागतो, रात्री भिजवली तर निम्मा. चवीला तुरीच्या जवळपासही जात नाही, पण लसणाची फोडणी घातली की भातावर चालते.

खरी मजा शनिवारी. टोबॅगोचं मुख्य शहर स्कारबरो, तिथला बाजार, कास्टाराहून पाऊण तास, सगळा वळणावळणाचा रस्ता. गाडी डाव्या बाजूने चालवायची, म्हणजे आपल्यासारखी. पण बारा वर्षं कॅनडात काढलेला नवरा प्रत्येक वळणावर "डावीकडे, डावीकडे" असा जप करत होता. बाजारात शिरलो तर एक बाई ओरडत होती, "फिग! फिग!" सासूबाईंना अंजीर फार आवडतं. मी लगेच दोन पौंड मागितले. बाईंनी हिरव्या कच्च्या केळ्यांची फणी तराजूत टाकली. सासूबाई म्हणाल्या, "गो, ही तर केळी!" तिथे केळ्याला फिग म्हणतात, कच्च्याला ग्रीन फिग. पैसे देऊन झाले होते, मग दुपारी कच्च्या केळ्यांची भाजी.

आणि भाजीची तर वेगळीच गंमत. पुढच्या टपरीवर मी इंग्रजीत विचारलं, कुठल्या भाज्या आहेत? बाई म्हणाल्या, "भाजी, बोडी, बैगन." बैगन कळलं. बोडी म्हणजे चवळीच्या लांब शेंगा. आणि भाजी? त्यांनी हिरव्या पाल्याची जुडी वर धरली. माठाच्या जातीतली. तिथे भाजी म्हणजे फक्त पालेभाजी, फ्लॉवर-भोपळा त्यात येत नाही. हे शब्द त्रिनिदादमध्ये आले ते ऊसमळ्यांवर राबायला आणलेल्या भोजपुरी-अवधी माणसांसोबत. ३० मे १८४५ रोजी पहिलं जहाज, फतेल रझाक, तिथे लागलं आणि ही मजूरभरती १९१७ पर्यंत चालू होती. टोबॅगोत भारतीय वंशाचे लोक थोडेच आहेत, आम्हाला शब्द शिकवणारी ही बाईसुद्धा आफ्रिकी वंशाची. "भाजी" मात्र तिच्या तोंडात अगदी घरचा.

कोथिंबीर मागितली तर लांब, काटेरी कडांची पानं मिळाली: शाडो बेनी. वास कोथिंबिरीचाच, पण चौपट. मी अख्खी जुडी वाटणात घातली. कृपया घालू नका. चार पानं पुरे.

सासूबाई मात्र एका कोपऱ्यात थबकल्या होत्या. समोर हिरवी, खडबडीत फळं. एक उचललं, बोटाने सालीवर सुकलेला पांढरा चीक खरवडला, वाजवून बघितलं. "ह्यो तर नीरफणस!" वेंगुर्ल्याच्या घरामागे त्यांचं झाड आहे. चीक सालीवर आला म्हणजे फळ तयार, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. विकणाऱ्या आजोबांनाही ते लक्षात आलं. ते दुसरं फळ पुढे करत होते, ते त्यांनी निमूट मागे घेतलं आणि ढिगातलं एक काढून दिलं. दोघांत एकही समान शब्द नव्हता. (नीरफणस, म्हणजे ब्रेडफ्रूट, मूळचं कॅरिबियनचं नाही बरं. १७९३ मध्ये ब्रिटिश आरमारातल्या कॅप्टन ब्लाय याने ताहितीहून रोपं आणली, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसता यावं म्हणून.)

घरी आल्यावर सुरीला खोबरेल लावून काप काढले, काळे पडू नयेत म्हणून पाण्यात टाकले, मग मालवणी मसाला, मीठ आणि वरून तांदळाच्या पिठाऐवजी पार्लरमधला मक्याचा रवा. माझा मुलगा, जो घरी नीरफणसाचं नाव काढलं तरी उठून जातो, त्याने बारा काप खाल्ले. मोजले मी.

मासे विकत आणावे लागलेच नाहीत फारसे. एका सकाळी किनाऱ्यावरून शंख वाजल्याचा आवाज आला. सासूबाईंना वाटलं, जवळपास देऊळ आहे. बघतो तर किनाऱ्यावर जाळं ओढायला माणसं जमत होती, सरळ सरळ आपली रापण. नवऱ्यानेही दोरीला हात लावला. तळहात सोलून घेतले आणि पिशवीभर मासे घेऊन आला. सासूबाईंनी आधी माशांचे कल्ले उघडून बघितले, नंतर आपल्या लेकाचे हात.

निघायच्या दिवशी उरलेला मालवणी मसाला त्यांनी घरमालकिणीला दिला. तिने डबी उघडून वास घेतला आणि विचारलं, "गीरा आहे ना यात?" गीरा म्हणजे जिरं. सासूबाईंनी मला न विचारताच मान डोलावली.

तूरडाळ दोन्ही किलो मिसिसागाला परत आली. मीठ मात्र संपलं.