६.१० आणि ६.१.०

लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आवृत्त्यांची यादी लिहिताना प्रत्येक आवृत्तीला अवतरणचिन्हं घाला. आधी हेच सांगते, कारण त्यांच्यावाचून माझ्या तीन रात्री गेल्या.

जुलै २०२४. फोंड्यात पाऊस कोसळत होता, लाईट सारखी जायची आणि क्यूएमयूमधली (हा संगणकातच दुसरा, आभासी संगणक चालवतो) कर्नल सुरू होतं का बघणारी बूट चाचणी दर वेळी पहिल्यापासून सुरू करावी लागायची. लिनक्स ६.१० १४ जुलैला आलं. त्याआधीच्या आरसी, म्हणजे अंतिम आवृत्तीपूर्वी चाचणीसाठी येणाऱ्या, आवृत्त्यांवर आमचा एक ड्रायव्हर बूट होताना अडकत होता. अंतिम आवृत्तीवर मात्र चाचणी चालवणाऱ्या स्क्रिप्टने ‘पास’ दाखवलं. मी म्हापशाच्या सहकाऱ्याला कळवलं, सुटलं. त्याचं उत्तर आलं, "ताई, माझ्याकडे अजून अडकतंय."

मग त्याचं कॉन्फिग तपासलं, कंपायलर तपासला, त्याच्या मशीनवरच संशय घेतला. लॉगची पहिली ओळ मी रोज बघत होते. तिथे ६.१.० होतं आणि मी ते ६.१० वाचत होते. तिसऱ्या रात्री त्याचा लॉग शेजारी ठेवला. त्यात ६.१०.० होतं.

आवृत्त्यांची यादी यामल या साध्या मजकुरात माहिती लिहायच्या पद्धतीच्या फाइलमध्ये होती. अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेलं ६.१० यामल दशांश अपूर्णांक म्हणून वाचतं, शेवटचं शून्य गळतं, उरतं ६.१. स्क्रिप्ट निमूटपणे २०२२ सालचं ६.१ उचलायची, बांधायची, बूट करायची. पडताळणीची अपेक्षित आवृत्तीही त्याच आकड्यावरून बनत असल्याने युनेमचं (चालू कर्नलची आवृत्ती सांगणाऱ्या आदेशाचं) उत्तर तंतोतंत जुळायचं. ‘६.१०-आरसी७’ हा आकडा नाही, म्हणून तो मजकूर म्हणूनच राहायचा आणि योग्य कर्नल चालायचं. ५.१५, ६.१, ६.६ यांना शेवटी शून्य नाही, त्यामुळे इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. खोटा ‘पास’ मला अजून खुपतो. चाचणी पडली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं.

दुरुस्ती छोटी होती. आवृत्ती मजकूर नसेल तर स्क्रिप्ट आता तिथेच थांबते. टिंबावर तुकडे करून पूर्णांकांची तुलना करते, म्हणजे १० हे ९च्या नंतरच येतं. अपेक्षित आवृत्ती बनवताना आरसीसाठी ‘.०’ शेवटी नाही, आरसीच्या आधी जोडायचं. युनेम ६.१०.०-आरसी७ असंच सांगतं.

हो, आवृत्त्या क्रमाने लावायला सॉर्ट -व्ही हा आदेश वापरत असाल तर तेही बघा. ते आरसीला अंतिम आवृत्तीनंतर ठेवतं. आरसीआधीच्या आडव्या रेघेऐवजी टिल्ड (~) घातलं की क्रम बरोबर लागतो.

नव्याने चाचणी लावली. ६.१० लाल झालं, ड्रायव्हर त्याच जागी अडकला. लाल ओळ बघून इतकं हायसं मला कधी वाटलं नव्हतं. लगेच म्हापशाला फोन केला, "तुझंच बरोबर होतं. चल, आता ड्रायव्हर बघू."