शेजारच्या बाल्कनीतला धूर

आज गुहागरला मुक्काम. आईला दमा आहे, म्हणून मुद्दाम समुद्राकडची खोली घेतली. संध्याकाळी ती बाल्कनीत बसली, तर शेजारच्या बाल्कनीतून सिगारेटचा धूर थेट तिच्या तोंडावर. खाऱ्या वाऱ्यासाठी इथवर आणलं आणि पदर नाकाला लावून तिला आत यावं लागलं! वाळत घातलेल्या टॉवेलालाही तोच वास.

शेवटी जाऊन म्हटलं, "दादा, आईला त्रास होतोय हो." त्यांनी लगेच विझवली, माफी मागितली. पुढची सिगारेट ओढायला ते खाली फाटकाबाहेर गेले. खूप बरं वाटलं.

२००३ च्या कायद्याप्रमाणे धूम्रपानासाठी वेगळी जागा ३० किंवा जास्त खोल्यांच्या हॉटेलातच ठेवता येते. इथे खोल्या आठ. किल्ली देतानाच मालकांनी हे सांगायला हवं.

रात्री आई पुन्हा बाहेर बसली, सुरूच्या बनाचा आवाज ऐकत.