एट माइलजवळची भिंत

अमेरिकेतल्या ट्रॉयहून निघताना ताईने दोनदा विचारलं, "नक्की तिथेच जायचंय? म्युझियम राहून जाईल हं." डेट्रॉईटच्या उत्तरेकडच्या उपनगरांत आपली मराठी माणसं भरपूर. ताईलाही इथे पंधरा वर्षं झाली, पण ही भिंत तिने पाहिली नव्हती.

एट माइल रोड ओलांडला की डेट्रॉईटची हद्द लागते. तिथून जवळच, बर्वुड आणि मेंडोटा या दोन रस्त्यांच्या मधून, घरांच्या परसामागून ती जाते. उंची सहा फूट, जाडी एक फूट, लांबी साधारण अर्धा मैल. मैदानालगतच्या भागावर 2006 साली चित्रं काढली आहेत: साबणाचे फुगे उडवणारी मुलं, बसमध्ये चढणाऱ्या, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेल्या रोझा पार्क्स. एक मुलगा त्या चित्रांवर चेंडू आपटत होता, झेलत होता. मैदान संपलं की रंगही संपतो. पुढे नुसतं काँक्रीट, कुठे वेलींनी झाकलेलं. मी हात टेकवला. उन्हाने चांगलंच तापलं होतं.

1920 च्या दशकात कृष्णवर्णीय कुटुंबांनी इथे जमिनी घेऊन जमेल तशी स्वतः घरं बांधली. पुढे 1930 च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा, निळा, पिवळा आणि शेवटी लाल. लाल म्हणजे कर्जाला धोकादायक. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळजवळ हमखास लाल व्हायच्या. 1941 मध्ये एका बिल्डरला शेजारच्या जागेवर गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. कृष्णवर्णीयांची वस्ती फार जवळ आहे म्हणून फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन या घरकर्जाला हमी देणाऱ्या सरकारी संस्थेने हमी नाकारली. त्याने मध्ये भिंत घातली, आणि हमी मिळाली!

भिंत एवढीशी, कुणीही चढून जाईल. अडवलं ते कर्जाने. आमच्या बाबांनी पगाराची स्लिप आणि दोन जामीनदार दाखवून पुण्यात दोन खोल्या घेतल्या. त्याच खोल्या तारण ठेवून माझी इंजिनिअरिंगची फी भरली गेली. मी आज काय आहे ते त्या कागदांमुळे. इथे पगाराची स्लिप कितीही चांगली असली तरी पत्ताच आडवा यायचा. 1968 च्या कायद्याने हा भेदभाव बेकायदा ठरवला. पण मधल्या तीस-पस्तीस वर्षांत ज्या घरांची किंमत वाढली नाही, ज्यांच्यावर पोरांची शिक्षणं झाली नाहीत, ती भरपाई कुठल्याच कायद्यात नाही.

आज भिंतीच्या दोन्ही बाजूंना बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबंच राहतात. 2016 मध्ये डेट्रॉईटच्या मतदारांनी एक नियम मंजूर केला: सार्वजनिक पैशाची मदत घेणाऱ्या, साडेसात कोटी डॉलरच्या वरच्या प्रकल्पांना आसपासच्या रहिवाशांशी बसून वाटाघाटी कराव्याच लागतात. चांगलंच आहे. पण या गल्लीत एवढा मोठा प्रकल्प कोण आणणार? इथल्या छपरांना हवंय ते दुरुस्तीचं छोटं, स्वस्त कर्ज. मला तरी खरा न्याय तिथून सुरू होईल असं वाटतं.

परतताना ताई गप्प होती. घरी पोचल्यावर मी पुण्याला फोन लावला.

"बाबा, आपल्या घराचं कर्ज मंजूर व्हायला किती दिवस लागले होते?"

"महिना-दीड महिना असेल. का गं?"