टीम पाडायच्या तरी कशा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. प्रश्न पुण्याच्या कॅम्पातून येवो, पेठांतून येवो की खडकी-दापोडीकडून, साधारण असाच असतो: "चर्चच्या मुलांची क्रिकेट लीग नोव्हेंबरात जोरात सुरू होते. दोन टीम सगळ्यांना धुऊन काढतात, आणि नाताळ उलटला की हरणाऱ्या टीममधली मुलं मैदानावर फिरकत नाहीत. टीम पाडायच्या तरी कशा?"

आमचं उत्तर असं, की ज्यांना मुलांचा खेळ माहीत आहे त्यांनीच टीम पाडाव्यात, पण त्यातली आपली टीम कोणती हे पाडून होईपर्यंत त्यांना कळू नये. गुण, तक्ते, चिठ्ठ्या हे सगळं एवढ्यासाठीच.

आधी चर्चवार टीमचा मोह सोडा. एका मोठ्या पॅरिशमधून, म्हणजे मोठ्या चर्चमधून, तीस मुलं येतात आणि पेठेतल्या छोट्या चर्चमंडळीतून सहा. सहातला एक कितीही चांगला असला तरी तो एकटा किती पुरणार? आपल्याच समाजातलं उदाहरण घ्या. सांगलीचे विजय हजारे मराठी ख्रिस्ती. १९३९-४० च्या हंगामात त्यांनी पुण्यात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या होत्या. धर्मवार संघांच्या पंचरंगी सामन्यांत ते 'द रेस्ट' या, ख्रिस्ती आणि उरलेल्या समाजांच्या संघाकडून खेळत. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात त्यांनी दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने काढल्या, तरीही तो संघ हिंदू संघाकडून एक डाव आणि ६१ धावांनी हरला. "त्यांच्याकडे तो एक भारी पोरगा आहे ना, मग झाली की टीम बरोबरीची" असं कुणी म्हणालं, तर त्याला हा धावफलक दाखवा.

दुसरी घातक रीत म्हणजे दोन कॅप्टन उभे करून, सगळ्यांसमोर आळीपाळीने नावं पुकारणं. शेवटी उरलेल्या मुलाला आपण नकोसे आहोत हे साऱ्या मैदानासमोर कळतं. दहा वर्षांच्या मुलाला चर्चच्या मैदानावर हे ऐकायला लावायचं काहीच कारण नाही.

नोंदणीच्या फॉर्मवर नाव आणि जन्मतारखेशिवाय चार गोष्टी हव्यात: राहतो कुठे, मैदानावर आणणार कोण, भावंडं आहेत का, आणि कोणत्या आठवड्यांत येता येणार नाही. वय ठराविक तारखेला मोजा, ३१ डिसेंबर सोयीची. पुराव्याला बाप्तिस्म्याचा दाखला आला तर नीट वाचा. त्यावर जन्माची आणि बाप्तिस्म्याची अशा दोन तारखा असतात आणि घाईत भलतीच उतरवली जाते. बाराच्या आतले, बारा ते चौदा आणि पंधरा ते सतरा असे गट करा. मधला गट सर्वांत अवघड. मुलींची उंची मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी झपाट्याने वाढते, आणि तेरा-चौदाच्या मुलांत एकाला मिसरूड फुटलेलं असतं तर दुसरा अजून लहानखुरा असतो. एकाच वयोगटात जानेवारीत जन्मलेलं मूल डिसेंबरवाल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठं असतं, म्हणून जन्ममहिनाही कार्डावर लिहा.

आता ट्रायल. गटात ४८ मुलं धरू, आठ-आठच्या सहा टीम. पाठीवर टेपने नंबर चिकटवा, नावं नकोत. बॉल लीगमध्ये वापरणार तोच हवा. अकॅडमीत लेदरवर शिकलेला मुलगा टेनिस बॉलच्या उसळीला फसतो आणि गल्लीत खेळणारा तिथे सरस ठरतो. हलक्या टेनिसवर ट्रायल घेऊन लीग हेवी टेनिसवर खेळवली, तरी सगळे गुण चुकतात. फलंदाजीला प्रत्येकी १२ चेंडू, आणि ते एकाच मोठ्या माणसाने एकसारखे टाकायचे. मुलांनाच टाकायला लावलं तर एकाच्या वाट्याला फुलटॉस येतात आणि दुसऱ्याच्या वाट्याला सगळे वाइड. गोलंदाजीला सहा चेंडू. क्षेत्ररक्षणात जमिनीवरचे पाच, पाच झेल आणि १५ मीटरवरून स्टंपवर तीन थ्रो. पळण्यासाठी बॅट हातात घेऊन तीन धावा, घड्याळ लावून; पूर्ण लांबीच्या खेळपट्टीवर दोन क्रीजमधलं अंतर १७.६८ मीटर असतं, लहान गटाला त्याहून कमी ठेवा. शेवटी अर्धा तास पाच-पाच षटकांचे छोटे सामने, दर सामन्याला जोडीदार बदलून. रांगेत उभं राहून उत्तम झेल घेणारा मुलगा सामन्यात बॉल अंगावर आला की डोळे मिटतो, हे इथेच दिसतं.

प्रत्येक ठिकाणी दोन निरीक्षक, एकमेकांशी न बोलता एक ते पाच गुण देणारे. आकड्याचा अर्थ आधी लिहून द्या, नाहीतर एकाचा तीन म्हणजे दुसऱ्याचा चार. गोलंदाजीत तीन म्हणजे सहापैकी चार चेंडू फलंदाजाला खेळता येतील असे, पाच म्हणजे सहाही तसे आणि वेग किंवा वळण वर. दोघांत दोन गुणांचा फरक पडला तर मुलाला पुन्हा बघा. मग गोलंदाजीचे गुण गुणिले तीन, फलंदाजी आणि क्षेत्ररक्षण गुणिले दोन, पळणं गुणिले एक, एकूण चाळीसपैकी. गोलंदाजीला एवढं वजन का, असं पालक हमखास विचारतात. मुलांचे सामने वाइडवर जातात. आठ षटकांच्या डावात वीस अवांतर धावा देणाऱ्या टीमला चांगला फलंदाज वाचवू शकत नाही.

दोन लबाड्या नेहमीच्या. एक, चांगल्या खेळाडूला ट्रायलला मुद्दाम सुमार खेळायला सांगायचं, म्हणजे तो मागच्या फेरीत स्वस्तात मिळतो. त्यासाठी मुलांना ओळखणाऱ्या, शब्बाथशाळेतल्या (चर्चच्या रविवारच्या वर्गांतल्या) दोन शिक्षकांना गुण दाखवा. त्यांना कुठल्याही कौशल्यात एक गुण वाढवायची किंवा कमी करायची मुभा द्या, त्याहून जास्त नाही. दुसरी, ट्रायलला पाठवायचंच नाही. न आलेल्याला सरासरी गुण दिले की नेमका तोच तुमच्या लीगचा सर्वांत भारी बॅट्समन निघतो. म्हणून न आलेल्याला सगळीकडे चार गुण धरायचे, हे आधीच जाहीर करा. गावाला गेला असेल तर दुसऱ्या दिवशी बघा. फक्त आळस असेल तर मूल आपोआप हजर होतं.

आता पाडणं. प्रत्येक मुलाचं एक कार्ड करा, गुणांप्रमाणे १ ते ४८ लावा आणि टेबलावर अ ते फ असे सहा रकाने धरून नागमोडी वाटा. पहिल्या ओळीत १ ते ६ अ कडून फ कडे, दुसरीत ७ ते १२ फ कडून अ कडे. तिसरी ओळसुद्धा फ कडूनच सुरू करा आणि चौथी अ कडून. कारण असं, की वरच्या क्रमांकांत अंतर मोठं असतं. पहिल्या आणि दुसऱ्या मुलात चार गुणांचा फरक असेल, तर विसाव्या-एकविसाव्यात अर्ध्याचाही नसतो. साध्या नागमोडीत पहिला मुलगा मिळालेल्या 'अ' ला तिसऱ्या ओळीतलाही सर्वांत चांगला, म्हणजे तेरावा मिळतो. तिसरी ओळ उलटी फिरवली की 'अ' कडे १, १२, १८, १९ येतात आणि 'फ' कडे ६, ७, १३, २४. क्रमांकांची बेरीज दोन्हीकडे ५०. पाचव्या ओळीपासून हेच चक्र पुन्हा.

बेरीज जुळली की काम झालं असं समजू नका. खरं काम इथून सुरू होतं. दोन टीमची बेरीज २०० असू शकते, एक पंचवीस-पंचवीसच्या आठ मुलांची आणि दुसरी अडतीसच्या दोघांची व उरलेल्या कच्च्या सहांची. ही दुसरी टीम ते दोघे आले तर जिंकते, त्यातला एक आजारी पडला की कोसळते. म्हणून प्रत्येक रकान्यात बघा: वरच्या दोघांची बेरीज, खालच्या दोघांची बेरीज, गोलंदाजीत चार किंवा वर असलेले किमान दोघे, विकेटकीपिंग जमणारा एक, आणि वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जन्मलेली सगळी मुलं एकाच टीममध्ये तर नाहीत ना. दुरुस्ती करायची ती त्याच किंवा शेजारच्या ओळीतली कार्डं अदलाबदल करून. बहुतेक वेळा तीन-चार बदलांत जमतं.

मुली कमी असतील तर प्रत्येक टीमला एकेक वाटून 'समानता' साधू नका. आठ मुली असतील तर चार टीममध्ये दोन-दोन. अनोळखी मुलांत एकटी पडलेली मुलगी तिसऱ्या सामन्याला येत नाही. भावंडं एकत्रच ठेवा, आई-बाप दोन मैदानांवर जाऊ शकत नाहीत. मोठ्याचं कार्ड पडलं त्याच रकान्यात धाकट्याचं त्याच्या गुणांच्या ओळीत ठेवायचं. हडपसरहून एकाच रिक्षाने किंवा बसने येणारी दोन-तीन मुलंही तशीच. मित्रांची विनंती एकच आणि दोघांनी केलेली असेल तरच, आणि पहिल्या बारा क्रमांकांतल्या मुलांना ती सवलत नाही. तिथे मैत्रीच्या नावाखाली संघबांधणी होते.

हे सगळं सहाही कोचनी एका टेबलाभोवती बसून करायचं. टीम तयार झाल्यावर प्रत्येकाला विचारा: यातली कुठलीही टीम मिळाली तर चालेल का? कुणी एखाद्या रकान्याकडे बघून घुटमळला, तर का ते विचारा आणि पुन्हा कार्डं हलवा. सगळे हो म्हणाले की मग चिठ्ठ्या, आणि त्या पाळकसाहेबांनी किंवा फादरांनी उचलाव्यात. कोचचं स्वतःचं मूल दुसऱ्या टीममध्ये गेलं, तर एका गुणाच्या आतल्या, तशाच कामाच्या खेळाडूशी बदल करून ते त्याच्याकडे आणा.

नियमांनीही तोल सांभाळावा लागतो. वीस धावांना फलंदाज निवृत्त, बाकीचे बाद झाले तरच परत. एकाला जास्तीत जास्त दोन षटकं आणि किमान पाच गोलंदाज. सगळ्यांना बॅटिंग. वाइडची एक धाव द्या, पण जादा चेंडू फक्त शेवटच्या षटकात, नाहीतर लहान गटाचं एक षटक पंधरा मिनिटं चालतं.

इतकं करूनही एखादी टीम सारखी हरते. तेव्हा आधी हजेरी बघा, गुण नंतर. क्लास, चाचणी परीक्षा, दहावी यांनी टीम मोडते. खेळ कच्चा असल्यामुळे क्वचितच. अशा टीमला उशिरा नोंदणी झालेली मुलं द्या, किंवा त्या दिवशी सामना नसलेल्या टीममधला खेळाडू उसना द्या. तो शेवटी बॅटिंग करेल, बॉलिंग नाही. हजेरी पूर्ण असूनही दोन फेऱ्यांत प्रत्येक सामना पंचवीसहून जास्त धावांनी जात असेल, तर एकास एक बदल करा. लीग निम्मी होण्याआधी, मुलाला आणि घरच्यांना बाजूला घेऊन विचारून. असा बदल होऊ शकतो हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं असलं, की भांडण होत नाही.

गुणांचा कागद दोनच माणसांकडे राहू द्या, व्हॉट्सॲपवर कधीही नको. टीमची यादी आडनावांच्या अकारविल्हे लावा, म्हणजे कोण पहिला आणि कोण शेवटचा आला ते कुणाला समजणार नाही. "माझ्या मुलाला किती दिलेत?" असं वडिलांनी विचारलं, तर आकडा सांगू नका, मुलाने कशाचा सराव करावा ते सांगा. अंतिम सामना झाला की कागद फाडा. पुढच्या वर्षी ट्रायल पुन्हा पहिल्यापासून घ्या. तेराव्या वर्षी दोन गुणांची गोलंदाजी करणारा मुलगा चौदाव्या वर्षी उंच होऊन चार गुणांची करतो, आणि जुना कागद हाताशी असला की कुणीतरी त्याला दोनच देतं.